विद्यापीठातलं भौतिकशास्त्र उद्यमबागेत कसं न्यायचं?

ध्वनिलहर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेली तीन वर्षं मी आणि एम.एस्सी.ची दोन मुलं ओतीव लोखंडातून जाणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या वेगावर काम करतोय. एसजी आयर्न आणि ग्रे आयर्न हे ओतीव लोखंडाचे दोन प्रकार वरून बघून ओळखू येत नाहीत. पण आतलं ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असेल तर ध्वनी सेकंदाला ५५०० मीटरच्या पुढे धावतो, आणि पाकळ्यांच्या रूपात असेल तर ५००० च्या खाली येतो. २० मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून ध्वनीला जाऊन परत यायला एसजीत ७.१ मायक्रोसेकंद लागतात, ग्रेमध्ये साधारण ८.३. हा फरक मोजणारं उपकरण आम्ही प्रयोगशाळेत बनवलं. या कामाची यंत्रं बाजारात मिळतात, पण लहान फाउंड्रीला (लोखंड ओतणाऱ्या कारखान्याला) ती परवडत नाहीत. आमच्या सुट्या भागांचा खर्च चाळीस हजारांच्या आत आला.

कॉलेजपासून उद्यमबाग, म्हणजे आपली फाउंड्र्यांची औद्योगिक वसाहत, स्कूटरवर दहा मिनिटं. तरीही तीन वर्षांत आम्ही एकाही फाउंड्रीच्या आत गेलो नाही, तयार तुकडे विकत आणून मोजत बसलो. आता हे काम कपाटात जाऊ नये असं फार वाटतं.

मला विचारायचंय ते असं. आधी शोधनिबंध छापायचा की आधी पेटंट? उद्योजकाकडे जाऊन नेमकं काय मागायचं? आणि उद्या यातून खरंच काही उभं राहिलं तर ते कुणाचं, माझं, मुलांचं की कॉलेजचं?

फेटलिंग_काका

सर, मी पस्तीस वर्षं उद्यमबागेत काढली, त्यातली शेवटची बारा क्वालिटीत. तुमचा विषय वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसजी करताना मेटलला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देतो. ती झाली की घड्याळ सुरू. दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हायला लागतंय, नाहीतर मॅग्नेशियम उडून जातंय आणि शेवटच्या लॅडलचे (रस ओतायच्या डोलाचे) जॉब, म्हणजे ओतलेले भाग, नुसते नावाला एसजी. मग आम्ही काय करतोय? हीटच्या, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याच्या, शेवटी एक कूपन (नमुन्याचा तुकडा) ओतायचा, कापायचा, पॉलिश करायचा, मायक्रोस्कोपखाली नोड्युलॅरिटी, म्हणजे ग्राफाइट किती गोळ्यांत आहे ते, बघायची. कूपन पास म्हणजे हीट पास. खरं मध्येच क्रेन अडकून लॅडल चार मिनिटं थांबला असंल तर कोणत्या मोल्डमध्ये काय गेलं ते कूपन कसं सांगणार? तो जॉब गिऱ्हाइकाकडं जातोय, मशिनिंग होतंय, गाडीत बसतोय आणि तिथं मोडतोय. मग अख्खा लॉट परत.

आमच्याकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेला जॉब साफ करायला, एक म्हातारबा होते. हातोडीनं जॉब ठोकायचे आणि कानानं सांगायचे. घंटेसारखा वाजला तर एसजी, बद्द वाजला तर बाजूला काढा. मायक्रोस्कोपखाली बघितलं की त्यांचंच खरं निघायचं. ते रिटायर झाले आणि तो कानही गेला. तुमच्या मशिननं तो परत मिळत असंल तर मला बघायचंय.

एक सांगतो, राग मानू नका. प्रयोगशाळेतला तुकडा सहा बाजूंनी मिलिंग केलेला असतोय. आमचा जॉब वाळूतून आलेला असतोय. आधी तो मोजून दाखवा, मग पेटंटचं बघू.

पेटंटवाली

सर, मी पुण्यात पेटंटचं काम करते, माहेर शहापूरचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

शोधनिबंध छापला, परिषदेत पोस्टर लावलं किंवा प्रबंध ग्रंथालयात ठेवला, की ती गोष्ट जगाला माहीत झाली असं कायदा धरतो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी आपल्याकडे बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण युरोपात तीही नाही. म्हणून आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करायचा. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात आणि निबंध त्या काळात निर्धास्त छापता येतो. शैक्षणिक संस्थांचं शुल्क २०२१ च्या नियमांनी ८० टक्क्यांनी कमी झालंय. जिथे कंपनीला ८००० रुपये लागतात तिथे ऑनलाइन अर्जाला १६०० पुरतात. वकिलाची फी वेगळी.

हे झालं सर्वसाधारण. तुमच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलायला हवं. ध्वनीच्या वेगावरून नोड्युलॅरिटी ओळखणं ही पद्धत कित्येक दशकं जुनी आहे, तिच्यावर पेटंट मिळणार नाही. नुसतं गणित किंवा नुसता सॉफ्टवेअरचा अल्गोरिदम असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(के) आडवं येतं. तुम्ही जॉब पकडायची एखादी नवी रचना केली असेल, खडबडीत पृष्ठभागावर मोजायची नवी युक्ती काढली असेल, तर त्यावर काही दावा बांधता येईल. त्यामुळे काकांचं म्हणणं कायद्याच्या अंगानेही बरोबर आहे. तुमच्याकडे नवीन काय आहे ते फाउंड्रीत गेल्यावरच कळेल.

अनगोळकर

काकांची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. सर, उद्याच जावा. जाताना कुंदा न्या, तो खाल्ल्यावर आपल्याकडं कोण नाही म्हणत नाही.

मच्छेकर

मी वेगळं मत मांडतो, आणि ते मनापासून मांडतोय.

शिक्षकानं शिकवावं. आमच्या वेळी एका विभागात (नाव घेत नाही) प्राध्यापक कन्सल्टन्सीच्या मागे लागले आणि दोन वर्षं आमची प्रॅक्टिकलं लॅब असिस्टंटनं उरकली. ऑप्टिक्सचा स्पेक्ट्रोमीटर मी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला. विद्यापीठाचं मोजमाप बाजारानं करायला लागलो तर ज्याला गिऱ्हाईक नाही ते भौतिकशास्त्र कोण करणार? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली प्रकाशाचं विकिरण मोजलं तेव्हा त्याला कोणतं मार्केट होतं?

घटप्रभा

मच्छेकर, प्रॅक्टिकलचं तुमचं दुःख खरं आहे, पण उदाहरण उलटं पडलंय. रामन यांनीच १९४३ साली त्रावणकोर केमिकल अँड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी एका सहकाऱ्याबरोबर काढली होती. काड्यापेटीला लागणारं पोटॅशियम क्लोरेट बनवायची. आणि ज्या विकिरणाला १९२८ साली गिऱ्हाईक नव्हतं, त्याच्यावर चालणारी हातात मावणारी यंत्रं आज औषधांचा कच्चा माल तपासतात. मध्ये १९६० साली लेसर यावा लागला.

मला या विषयातली दोन उदाहरणं कायम आठवतात.

पहिलं स्टॅनफर्डचं. १९३७ साली व्हेरियन बंधूंना तिथल्या भौतिकशास्त्र विभागात पगार नव्हता. विद्यापीठानं जागा दिली, सामानाला वर्षाला १०० डॉलर दिले, आणि पेटंटातून पुढे जे मिळेल त्यातला अर्धा वाटा ठरवून घेतला. त्यातून क्लायस्ट्रॉन (सूक्ष्मलहरी तयार करणारी नळी) निघाला, रडारच्या कामी आला, आणि १९४८ साली भावांनी कंपनी काढली. सर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. वाटा आधी ठरवला होता, काहीच हातात नसताना.

दुसरं १९८८ चं. एकाच सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबेर्ग यांना पातळ चुंबकीय थरांमधला तो प्रचंड रोधबदल सापडला. ग्रुनबेर्ग यांनी पेटंटचा अर्ज केला, फेर यांच्या गटानं निबंध छापला. १९९७ पासून आयबीएमच्या हार्ड डिस्कमध्ये तेच तत्त्व वापरात आलं. परवान्यांचे पैसे जर्मनीतल्या संस्थेला मिळाले. २००७ चं नोबेल मात्र दोघांना मिळून.

मच्छेकर

रामन यांच्या कंपनीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. खरं स्टॅनफर्ड आणि आपलं कॉलेज यात फरक आहे. इथं एका प्राध्यापकाकडं आठवड्याला शिकवायचे अठरा तास आहेत. ते कोण कमी करणार?

पातळ_थर

या धाग्यावर लिहायचं ठरवत नव्हते, पण राहवत नाही.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. पीएच.डी. सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात केली. विषय गॅस सेन्सर. धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर काचेवर बसवायचा, वायू आला की त्याचा रोध बदलतो. माझा एक नमुना फार सुंदर चालायचा. निबंध चांगल्या नियतकालिकात छापून आला, तो दिवस अजून आठवतो. मग एका कंपनीचे लोक आले. त्यांनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "असे शंभर बनवून द्याल का, सगळे सारखे?"

मी चार महिने लावले. शंभरातले अकरा सारखे निघाले. जुलै महिना होता, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. हवेतली वाफ थरावर बसली की आधारपातळीच सरकायची. ते लोक पुन्हा आले नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. मला वाईट याचं वाटतं की पाच वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही, की तोच नमुना पुन्हा करून दाखव. निबंधाला सगळ्यात चांगला नमुना पुरतो. उत्पादनाला सगळ्यात वाईट नमुनाही चालावा लागतो.

आता मी शाळेत शिकवते. सर, तुमचं उपकरण एकच आहे का? असेल तर दुसरं बनवा. पहिलं ज्यानं बनवलं त्याच्याकडून नाही, दुसऱ्या मुलाकडून, नुसता कागद हातात देऊन. दोन्ही एकच आकडा दाखवतात का बघा. ही परीक्षा तुमच्या लॅबमध्येच होते आणि तिला पैसे लागत नाहीत.

निपाणीकर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

थोडं विषयांतर करतो. आपल्या जिल्ह्यात भौतिकशास्त्र कारखान्यात आधीपासून बसलंय, आपल्याला दिसत नाही एवढंच. कुठल्याही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पोलरीमीटर असतो. साखरेचं द्रावण प्रकाशाचं ध्रुवण-प्रतल किती फिरवतं त्यावरून रसातली साखर काढतात. बारावीला शिकलेला ६६.५ अंशांचा तोच आकडा. वडिलांच्या उसाचा रिकव्हरीवर (उसातून किती साखर निघते त्यावर) दर ठरतो ते याच्या जोरावर, आणि शेतात उभं राहून बघायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर, ब्रिक्स (रसात विरघळलेली साखर) दाखवणारा. बेळगावात साखर संस्थाही आहे, निजलिंगप्पांच्या नावाची. पोलरीमीटर बिघडला की दुरुस्तीला बाहेर पाठवावा लागतो, तोवर काम खोळंबतं. मला वाटतं भौतिकशास्त्र विभागानं नवीन शोधाच्या आधी दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनचं काम घ्यावं. त्यातून कारखान्याची ओळख होते, पोरांचा हात बसतो, आणि अडचण काय आहे ते न विचारता कळतं.

घटप्रभा

निपाणीकर, ऑक्सफर्ड इन्स्ट्रुमेंट्सची सुरुवात अशीच आहे. मार्टिन वुड तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अभियंते होते, संशोधकांना चुंबक बांधून द्यायचे. बाहेरच्या लोकांनाही तसेच चुंबक हवेत असं दिसलं तेव्हा १९५९ साली कंपनी सुरू केली. एमआरआयचे अतिवाहक चुंबक त्याच वाटेनं आले.

खडेबाजार_१

सगळं बरोबर. खरं पैशाचं कोणच बोलेना. आपण मराठी बोलतोय, महाराष्ट्राकडं बघतोय, आणि योजना कर्नाटकच्या आहेत. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तिथले विद्यापीठातले लोक ओळखीचे. खरं तिथल्या राज्याचा निधी बेळगावच्या पत्त्याला मिळत नाही. आणि इथल्या योजनेचा अर्ज बेंगळुरूला जातोय तेव्हा आपली पोरं मुलाखतीला घाबरतात. माझ्या भाच्याची कल्पना चांगली होती, खरं कन्नडातून प्रश्न आला तेव्हा गप्प बसला.

पेटंटवाली

खडेबाजार_१, भाच्याला सांगा, पुन्हा अर्ज कर. कर्नाटकच्या एलिव्हेट या स्टार्टअप योजनेत जिंकणाऱ्याला ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. केंद्राच्या निधी-प्रयासमध्ये नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, तिथे राज्याचा प्रश्नच येत नाही. आणि २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात प्राध्यापकांना कामावर राहून किंवा रजा घेऊन कंपनी काढायची वाट दिलेली आहे. मच्छेकरांच्या अठरा तासांचा प्रश्न तिथे लावून धरता येईल. धोरण आहे म्हणजे प्राचार्य लगेच सही करतील असं मी म्हणत नाही.

घटप्रभा

कन्नडाची भीती घालवायलाच हवी. आमच्या शॉप फ्लोअरवर हुक्केरी-गोकाकची पोरं आहेत, खानापूरची आहेत, बिहारची आहेत. तिथं एका वाक्यात तीन भाषा असतात आणि जॉब व्यवस्थित निघतोय. सर, तुमच्या मशिनवर अक्षरं घालूच नका. हिरवा दिवा, लाल दिवा.

ध्वनिलहर (धागाकर्ता)

अकरा दिवस गप्प होतो, त्याबद्दल माफ करा. काकांनी ओळख करून दिली आणि आम्ही तिघं एका फाउंड्रीत गेलो. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पहिल्या दिवशी एसजी ५००/७ या प्रतीचे तीस जॉब मोजले. त्यातले नऊ यंत्रानं नापास केले. क्वालिटीच्या बाईंनी त्यातले चार कापून मायक्रोस्कोपखाली धरले. चारही उत्तम. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला, माझाही.

रात्री बसून हिशेब केला. आम्ही जाडी ड्रॉइंगवरून २० मिमी धरली होती. वाळूतून आलेला जॉब अर्धा मिलिमीटर जाड असतो, हे त्यांच्यासाठी रोजचं. २०.५ मिमीच्या जॉबला २० धरलं की ५६०० चा वेग ५४६३ दिसतो, आणि आमची रेघ ५५०० वर. म्हणजे लोखंड चांगलं, ध्वनी बरोबर, वेळही बरोबर मोजलेली, आणि निकाल चुकीचा. तीन वर्षांत हे एकदाही दिसलं नाही, कारण आमचे तुकडे मिलिंग केलेले होते. काका, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक जॉबची जाडी व्हर्नियरनं मोजली. चुका दोनवर आल्या, पण एका जॉबला दीड मिनिट लागलं. सुपरवायझरनी हात धरून मला कन्व्हेयरपाशी नेलं. "सर, एका शिफ्टला आठशे जॉब आहेत, दीड मिनिट कुठून आणू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय ध्वनी सोडणारा प्रोब आणि जॉब यांच्यामध्ये लावायचं कपलिंगचं जेल खडबडीत पृष्ठभागावरून गळायचं आणि जॉब पुसत बसावं लागायचं.

पातळ_थर ताई, तुमचं सांगणंही केलं. दुसऱ्या मुलीनं कागदावरून दुसरं उपकरण बांधलं. दोन्हींत ४० मीटर प्रति सेकंदाचा फरक आला. कारण आमच्या कागदावर प्रोबच्या केबलची लांबीच लिहिलेली नव्हती. आता लिहिली आहे.

फेटलिंग_काका

सर, खचू नका. आमचं पहिलं हीट असंच असतंय.

जेल सोडा, जॉब पाण्यात बुडवा. फेटलिंगनंतर वॉशिंगची टाकी आहेच. पाणी खडबडीत जागेतसुद्धा शिरतंय.

ध्वनिलहर (धागाकर्ता)

काका! पाण्यात ठेवलं तर जाडीचाही प्रश्न सुटतो, हे आत्ता कागदावर मांडलं. समोरासमोर दोन प्रोब, मध्ये जॉब. प्रत्येक प्रोबला जॉबच्या जवळच्या बाजूवरून प्रतिध्वनी येतो, त्यावरून दोन्हीकडच्या पाण्याचं अंतर मिळतं. प्रोबमधल्या एकूण अंतरातून ती दोन्ही वजा केली की जाडी आपोआप. आरपार गेलेल्या ध्वनीची वेळ मिळाली की वेगही हातात. व्हर्नियर लागत नाही, ड्रॉइंग लागत नाही.

पाण्यातला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो, २० अंशाला १४८२ आणि ३० ला १५०९. फाउंड्रीतली टाकी सकाळी थंड, दुपारी कोमट. पण दोन जॉबच्या मधे टाकी रिकामी असताना आरपार वेळ घेतली की त्या घडीचा पाण्याचा वेग कळतो. दर जॉबला दुरुस्ती होत राहील.

पेटंटवाली

सर, आनंद वाटला, पण कर्तव्य म्हणून सांगते, बुडवून मोजायची ही रीतही जुनी आहे. पेटंटच्या मागे लागू नका. स्वस्त, दुरुस्त करता येणारं, दहा मिनिटांच्या अंतरावर माणूस असणारं यंत्र विकायला पेटंट लागत नाही. त्याऐवजी दोन कागद करा. एक फाउंड्रीबरोबर: तीन महिन्यांची चाचणी, त्यांचा रिजेक्शनचा आकडा बाहेर जाणार नाही, तुम्हाला मोजमापं निबंधात नाव न घेता वापरता येतील. दुसरा कॉलेज आणि दोन्ही मुलांबरोबर: वाटा किती, आत्ताच. मुलं पास होऊन पुण्याला गेली की मग हा कागद होत नाही.

मच्छेकर

धागा पहिल्यापासून परत वाचला. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. खरं त्या दोन मुलांनी अकरा दिवसांत जे शिकलं ते मला दोन वर्षांत मिळालं नाही, हे कबूल करतो. एक मागणी आहे. हा जाडीचा घोटाळा बी.एस्सी.च्या मुलांना प्रॅक्टिकल म्हणून द्या. चांगले चार आणि खराब चार जॉब देऊन सांगा, ओळखा.

ध्वनिलहर (धागाकर्ता)

नक्की, मच्छेकर. येत्या सत्रापासून ठेवतो, जर्नलात हाच प्रयोग. त्यासाठी मला मुद्दाम बिघडवलेले जॉब लागतील, ट्रीटमेंटनंतर पाच, दहा, पंधरा आणि वीस मिनिटांनी ओतलेले, प्रत्येकी दोन. काका, कुणी ओतून देईल का?

फेटलिंग_काका

मालकाशी बोललो. शनिवारच्या शेवटच्या हीटला लॅडल थांबवतो म्हणालेत. मुलांना सेफ्टी शूज घालून पाठवा, चप्पल चालणार नाही. आणि खडू आणा, जॉबवर मिनिटं लिहायला.